निंबाजवळची बोळ, निळं दार

आमच्याकडं लग्नाची पत्रिका हातात द्यावी लागते. फोनवर फोटो पाठवला तर माणसं लग्नाला येतात, जेवतात, आहेरही करतात. फक्त पुढची बारा वर्षं "आमाले तर मोबाइलवरच बलावलं होतं" हे ऐकवत राहतात. त्यामुळे चुलतबहिणीचं लग्न ठरलं आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, मला पुण्याहून बोलावून घेतलं. गाडी मी चालवायची, पत्रिका ते देणार. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून निघून कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूर गाठायचं आणि परत यायचं. पिशवीत एकशे दहा पत्रिका, कुंकवाचा करंडा, अक्षतांची पुडी आणि मोठेबाबांची काळ्या रेक्झिनची वही.

वहीत पत्ते आहेत. 1998 साली मोठ्या ताईच्या लग्नात उतरवलेले. घर नंबर एकही नाही, पिनकोडचं तर नावच नको. "कारंजा, दिल्ली वेस, निंबाजवळची बोळ, वखारीमागं." "अचलपूर, बिलनपुरा, टाकीमागून दुसरी बोळ, निळं दार, गुरुजी." मी फोनवर नकाशा उघडून दाखवला. मोठेबाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "त्याले इचार, निंब कुठं हाय ते."

पहिला दिवस : कारंजा

सकाळी थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापून रचलेली तूर, मधूनमधून शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी. मोठेबाबा मफलर गुंडाळून गप्प बसलेले. कारंजा आलं तसे बोलायला लागले, आणि मग चार दिवस थांबले नाहीत.

कारंजा हे जुनं तटबंदीचं गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा चार वेशींचं. गाव कधीच वेशींबाहेर पसरलं, पण पत्ता विचारला की माणूस आधी वेस सांगतो. भाविकांना हे दत्ताचं कारंजा म्हणून ठाऊक आहे, कारण नृसिंह सरस्वतींचा जन्म इथला. आम्ही गाडी बाहेर लावली आणि चालत आत शिरलो. खरं म्हणजे दुसरा इलाजच नव्हता. समोरून एक ऊस-रसाची हातगाडी आली तरी रस्ता बंद होत होता.

दिल्ली वेशीजवळच्या पानठेल्यावर मी विचारलं, "इथं निंबाचं झाड कुठं आहे?"

"निंब?" पानवाला चुना लावता लावता थांबला. "तो तं पडला नं भौ. पोट्टा होतो तवा मी. तुमी जिथं हुभे हा नं, तोच निंब."

म्हणजे झाड गेलं, पत्ता राहिला. बाजूला खरंच एक बोळ होती. तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्याचं शटर, वर वायरींचा गुंता. पुण्याहून आलेला माणूस इथं थांबणार नाही, पुढं निघून जाईल. मीही गेलोच असतो. मोठेबाबा वळले म्हणून वळलो.

दहा पावलांवर रुंदी दोन हातांची झाली आणि आवाज गेला. पायथ्याला काळ्या दगडाची जोती, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, काही ठिकाणी पोपडे उडून आतल्या विटा दिसणाऱ्या. वर लाकडी सज्जे. त्यांच्या तुळयांची टोकं कुणीतरी कमळासारखी कोरलेली, आता त्यांना डिश अँटेनाची वायर बांधलेली. नुकताच सडा पडलेला. ऊन फक्त डाव्या भिंतीच्या वरच्या हातभर पट्ट्यावर होतं, खाली गारवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला इथं काय किंमत असेल या हातभर सावलीची, ते वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

एका घराच्या रस्त्याकडच्या खिडकीपाशी मी थबकलो. खिडकीच्या गजांमधून कापूस बाहेर आलेला. पडदा नाही, उशी नाही. आतली अख्खी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली आणि तो गजांवर दाबला जाऊन त्याचे गोळे बोळीत डोकावत होते. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाई म्हणाल्या, "भाव नाई ना बाप्पा. वाढन म्हनून ठेवला. पोरं आंग खाजवू खाजवू हैरान झाले." मग लगेच, "कोनाकडं आले तुमी?"

हा प्रश्न त्या बोळीत आम्हाला पाच वेळा विचारला गेला. ओट्यावरून, सज्जातून, एकदा न्हाणीच्या आतून. पुण्यात मी पैसे भरून पेठांमधल्या गल्ल्या पाहिल्या आहेत. टोपीवाला मुलगा कमानी दाखवतो, आपण फोटो काढतो, तिथं राहणारे आपल्याला वळसा घालून जातात. इथं नुसतं "बोळ बघायला आलो" असं म्हटलं असतं तर चोर नाहीतर कर्जवसुलीवाला समजले असते. हातात पत्रिका होती, म्हणून दारं उघडली.

आणि दार उघडणं म्हणजे काय, ते मोठेबाबांबरोबर कळलं. मी मनात हिशेब केला होता, कारंज्यात अठरा घरं, प्रत्येकी दहा मिनिटं. पहिल्याच घरी चाळीस मिनिटं गेली. आधी पाणी. मग कोण वारलं, कुणाला नात झाली. मग चहा. मग पिशवीतून करंडा निघतो, पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकू लागतं, घरातल्या बाईला कुंकू, पत्रिकेवर चार अक्षता. मग ती पत्रिका घरातलं कुणीतरी "आमचे येथे श्रीकृपेकरून"पासून खालच्या चिमुकल्या पाहुण्यांच्या आग्रहापर्यंत मोठ्यानं वाचतं. संध्याकाळपर्यंत अकरा घरं झाली आणि माझ्या पोटात चौदा चहा.

एका घराचा ओटा लक्षात राहिला. मोठेबाबा म्हणाले, पूर्वी तिथं चढायला तीन पायऱ्या होत्या. आता अर्धीच आहे. सिमेंटचा रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच नवा ओततात. रस्ता चढतो, घर बुडतं. पावसाळ्यात बोळीचं पाणी ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या पडवीत, येतं म्हणून उंबऱ्यावर विटांचा बांध घातला होता. म्हातारबुवा म्हणाले, "अजून दोन सडका झाल्या का आमी तळघरात राहू." सुंदर बोळींबद्दल लिहिणाऱ्यांनी हे पण लिहावं, म्हणून लिहितो.

दुपारी एका घरी ते जेवल्याशिवाय सोडेनात. तेवढ्या वेळात शेजारच्या पोरानं मला जैन मंदिरांकडे फिरवून आणलं. कारंज्यात जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची जुनी मंदिरं आहेत, तिन्ही वस्तीतच. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकूडकाम बघत मान दुखेपर्यंत उभा राहिलो. इथल्या ग्रंथभांडारांत जपलेल्या हस्तलिखितांवरून हिरालाल जैन यांनी 1930 च्या दशकात अपभ्रंश काव्यं संपादून छापली. मराठीच्या आधीची भाषा, आणि ती सापडली अशा दोन हात रुंदीच्या वाटांच्या गावात.

पैसा होताच या गावात. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी कारंज्यावर छापा घातला तो काही उगाच नाही. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट इथं कुणीही सांगतं: कस्तुरी लादलेले उंट आले, घेणारा कुणी मिळेना, तेव्हा एका शेठनं सगळी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात कालवली. मला ही गोष्ट सांगणाऱ्या मावशी शेवटी म्हणाल्या, "आमच्या भितीले तं शेनाचाच वास येते बाप्पा."

रात्री मुक्काम मोठेबाबांच्या साडूकडे. सोल्याची भाजी, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. या दिवसांत वऱ्हाडात आलेल्या माणसानं दुसरं काही मागू नये.

दुसरा दिवस : मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव

हा दिवस रस्त्याचा. मोठेबाबांच्या डोक्यात मात्र रस्ता नव्हताच, शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, अशी कापसासाठी टाकलेली इंग्रज कंपनीची अरुंद लाइन. आमचा चार दिवसांचा अख्खा मार्ग म्हणजे तिचाच मार्ग, हे माझ्या लक्षात मूर्तिजापूरला आलं. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे. ज्या ठिकाणी रूळ रस्त्याला आडवे येत, तिथं मोठेबाबा "हळू घे" म्हणत, जसं काही ती येणारच आहे.

"मी ह्याच गाडीनं पत्रिका वाटल्या हायेत. माह्या भावाच्या लग्नाच्या, म्हंजे तुह्या बाबाच्या. चालत्या गाडीतून उतरून पत्रिका देऊन परत चढता ये."

"खरंच?"

"येकदा देल्ली. पुढच्या डब्यातून उतरलो, मांगच्या डब्यात चढलो."

मूर्तिजापूरला सहा घरं, सगळी मोठ्या रस्त्यावर. दर्यापूर-बनोशात आठ. लवकर उरकलं, सांगण्यासारखं काही नाही, फक्त एके ठिकाणी कुत्रं मागं लागलं.

अंजनगाव सुर्जीला दुपार कलली होती. 30 डिसेंबर 1803 ला शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला तो इथं. शाळेत असताना हे नाव पाठ केलं होतं तेव्हा ते दिल्लीजवळ कुठंतरी असावं असं वाटायचं. अंजनगाव आणि सुर्जी ही मुळात दोन गावं, मध्ये नदी. सुर्जीतल्या एका बोळीत शिरलो तर दाराशी पानांच्या टोपल्या ओल्या फडक्यानं झाकून ठेवलेल्या. इथले पानमळे आणि पानपिंपरी नावाजलेली. एका आजोबांनी पत्रिका घेताना विचारलं, "लग्नात पानाचं कोन पाह्यते?" मोठेबाबांनी सांगितलं तसं अजून कुणी ठरवलेलं नाही. परत निघालो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर पानांची टोपली ठरलेली होती, पैशांचं बोलणं न होता.

तिसरा दिवस : अचलपूर

अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. अलाउद्दीन खिलजी 1296 मध्ये देवगिरीवर गेला तो इकडून. 1490 पासून 1574 पर्यंत वऱ्हाडची इमादशाही होती, तेव्हा ही राजधानी. त्या काळी इथं खेड्यातून येणाऱ्याला नक्कीच छाती दडपल्यासारखं होत असणार, जसं आपल्याला आज मुंबईत होतं. आता तालुक्याचं गाव आहे, पण चालायला लागलं की शहर असल्याच्या खुणा पायाखाली येतात: गाव संपत नाही. एक पुरा संपला की दुसरा. सरमसपुरा, बिलनपुरा, पुढं आणखी. मध्येच दुल्हा गेटसारखा दरवाजा उभा, त्याच्या कमानीखालून शाळेची रिक्षा पोरं कोंबून चाललेली.

सकाळी पहिली पत्रिका मोठेबाबांच्या जिनिंगमधल्या जुन्या सोबत्याकडे. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा भेटला. "अब्बा होते तो आज आपको जाने नहीं देते," म्हणाला, आणि त्यानंही जाऊ दिलं नाही तासभर. घराच्या मधल्या चौकात डाळिंबाचं झाड, त्याखाली सायकल दुरुस्त करत बसलेला नातू. बाहेरच्या बोळीतून या चौकाची कल्पनाच येत नाही. बाहेर नुसती पाठमोरी भिंत आणि त्यात वाकून शिरण्याएवढं दार.

मग बिलनपुरा. टाकीमागून दुसरी बोळ, निळं दार, गुरुजी. टाकी सापडली. दुसरी बोळ सापडली. निळं दारही सापडलं, रंग उडालेलं. मी ओट्यावर खेळणाऱ्या पोराला विचारलं, "गुरुजींचं घर हेच का?" तो आत पळत गेला, "आबा, पावने आले!"

पांढरं धोतर, बंडी घातलेले एक गृहस्थ बाहेर आले. "या या. उनातून आले." आम्ही आत. पाणी आलं. मोठेबाबा म्हणाले, "तब्येत बरी दिसते." ते म्हणाले, "हाव, आता गुडघेच तेवढे." मोठेबाबा म्हणाले, पाऊस यंदा बरा झाला. ते म्हणाले, पण सोयाबीन गेलं. पोहे आले. चहा आला. त्यांनी मला विचारलं काय करता, मी सांगितलं. सगळं रीतीनं चाललं होतं. नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. ओळखीच्या माणसाला कुणी नाव विचारतं का?

करंडा निघाला, कुंकू लागलं, पत्रिका त्यांच्या हातात गेली. त्यांनी चष्मा लावला. पाकिटावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग पत्रिका अलगद मांडीवर ठेवून म्हणाले, "गुरुजी तं मीच हाओ. पन हे गुरुजी मी नोहोय."

मोठेबाबांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. दोन घरं पुढं आणखी एक निळं दार होतं. तिथले गुरुजी केव्हाच मुलाकडे परतवाड्याला राहायला गेलेले. म्हणजे आम्ही यांच्याकडे पोहे खाल्ले, चहा प्यायलो, सोयाबीनची चर्चा केली, आणि यांनाही वाटत होतं आम्ही त्यांच्या सुनेच्या माहेरचे. मोठेबाबा माफी मागायला लागले. गुरुजी उठले, पायात चपला सरकवल्या. "माफी कायची? आता आलेच हा तं गाव पाहून घ्या. याइचं काय काम हाय आज?" शेवटचं माझ्याकडं बघून.

पुढचा दीड तास हा माझ्या चार दिवसांतला सगळ्यात चांगला. गुरुजी रस्त्यानं चाललेच नाहीत. घराच्या मागच्या दारानं बाहेर पडले ते एका सांदीत. दोन भिंतींमधली फटच ती, आडवं होऊन चालावं लागलं, माझ्या शर्टाला दोन्हीकडून चुना लागला. ती सांद उघडली एका चौकात. चार घरांच्या पाठी, मध्ये विहीर, वर जाळी टाकलेली. खाटेवर मुंगवड्या वाळत घातलेल्या आणि त्या राखायला एक मुलगी हातात काठी घेऊन अभ्यास करत बसलेली. गुरुजींनी तिला जाता जाता सतराचा पाढा विचारला. तिनं म्हटला.

पुढच्या वळणावर भिंतीत कोपराच्या उंचीवर एक देवळी होती. घराच्या आत नव्हे, बाहेर, बोळीच्या बाजूला. गुरुजी म्हणाले, इथं दिवा लावत. रात्री येणाऱ्याला वळण दिसावं म्हणून. घरातल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. आता त्या देवळीत दुधाची पिशवी ठेवलेली होती आणि तिच्यावर मांजर लक्ष ठेवून होतं. आतली बाजू मात्र अजून काळी. मी बोट फिरवलं तर काजळी बोटाला आली.

मी म्हणालो, या बोळी एवढ्या वाकड्या का? पेंढाऱ्यांच्या भीतीनं का? घोडा सरळ पळू नये म्हणून? मी कुठंतरी असं वाचलं होतं.

"लोकं सांगतेत तसं," गुरुजी म्हणाले. "आता ज्या बोळीत आपून हुभे हाओ, थे मी सांगतो. हे बोळ नोहोयच. हे आमच्या आज्याची ढेलज होय."

मग त्यांनी भिंतीवर हातानं दाखवलं. इथं मोठा दरवाजा होता. तिघं भाऊ, वाटणी झाली. दोन्ही बाजूंच्या खोल्या दोघांना, मागचा भाग तिसऱ्याला. तिसऱ्याला जायला वाट पाहिजे, म्हणून ढेलज सामाईक सोडली. पुढं त्याच्या पोरांची वाटणी झाली, तेव्हा मागची न्हाणी पाडून वाट पलीकडे काढली. पलीकडचे लोक तिच्यातून यायला लागले. छप्पर पडलं ते कुणी बांधलं नाही, कारण ते सगळ्यांचं होतं. मग विजेचा खांब आला, नाली आली. "आता तिच्यातून फटफटी जाते," गुरुजी म्हणाले. "जिथं आमची आजी जातं घेऊन बसे नं, तिथून."

मी खाली पाहिलं. सिमेंटच्या कडेला, नालीच्या आतल्या अंगाला, एका ओळीत घडीव दगड बसवलेले होते. उंबऱ्याचे. तिथून एक पोरगा दप्तर घेऊन गेला, आणि पाय उचलून गेला, जसा उंबरा ओलांडतात तसा. सवय म्हणून, नाहीतर नाली म्हणून. मला ठरवता आलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक वळणावर मी मनात मोजत राहिलो: इथं किती भाऊ असतील?

चौथा दिवस : परतवाडा, रिद्धपूर, घर

परतवाडा अचलपूरला लागूनच, पण इंग्रजांच्या छावणीतून वाढलेलं. रस्ते सरळ. खऱ्या गुरुजींचं घर लेआउटमध्ये, फाटकावर प्लॉट नंबर, पाच मिनिटांत सापडलं. आदल्या दिवसाची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत, चिडले. "त्याच्याइथं पोहे खाल्ले? मंग इथं जेवाच लागन." सकाळचे साडेनऊ वाजले होते. जेवलो. वर मृग बहाराच्या संत्र्यांची थैली मिळाली.

परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून रिद्धपूर, एका पत्रिकेसाठी. घरधनी महानुभाव, दारातच "दंडवत प्रणाम". गोविंदप्रभूंचं हे गाव, लीळाचरित्र म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते इथं. मराठी भाषेचं विद्यापीठ इथंच निघालं आहे. गोविंदप्रभू या गल्ल्यांमधून मनाला येईल तसे फिरत, कुणाच्याही घरात शिरत, चुलीवरचं उचलून खात, असं त्यांचं चरित्र सांगतं. आणि पंथातल्या लोकांनी चक्रधर स्वामी कुठं बसले, कुठल्या दाराशी थांबले, ते दिशांसकट लिहून ठेवलं, त्याला स्थानपोथी म्हणतात. यजमानांनी हे सांगितल्यावर मोठेबाबांनी पिशवीतली आपली वही जरा आत सरकवली. बहुतेक लाजले.

रात्री साडेआठला घरी पोचलो. नऊ पत्रिका उरल्या होत्या, त्यावरून मोठीआई बोलली. जेवण झाल्यावर मोठेबाबा ओट्यावर दिव्याखाली वही घेऊन बसले. नाव विचारायचं राहून गेलं होतं, आणि आता फोन करून विचारणंही बरं दिसलं नसतं. लिहून झाल्यावर वही माझ्याकडं सरकवली, शुद्धलेखन बघ म्हणून.

"अचलपूर, बिलनपुरा, टाकीमागून दुसरी बोळ, अलीकडचं निळं दार, दुसरे गुरुजी. चुकून गेलो होतो. पत्रिका देणे."